बनुबाईची मूठ

तिसगावच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून, पंधरा-वीस घरांची एक वस्ती आहे. त्या वस्तीवर कुणाची ज्वारी ओळीत सारखी उगवली की येणारा-जाणारा बांधावर थांबून विचारायचा, "मूठ कोनाची? बनुबाईची का?"

मूठ म्हणजे चाड्यावरची मूठ. ज्यांनी ट्रॅक्टरची पेरणी तेवढी पाहिली आहे त्यांना हे सांगावं लागेल. बैलांच्या पाभरीवर एक लाकडी वाटी बसवलेली असते, तिला चाडं म्हणतात. त्या वाटीतून नळ्या खाली फणांपर्यंत उतरतात. बैल पुढे चालतात, फण माती चिरत जातात, आणि पाभरीमागून चालणाऱ्या माणसानं मुठीतलं बी बोटांच्या फटीतून चाड्यात सोडत राहायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण मूठ सैल पडली की रोपांची दाटी होते, आवळली की जमीन कोरी राहते. आणि झाकली मूठ सव्वा लाखाची असेल इतरांची, पेरणाऱ्याची झाकून राहत नाही. आठवड्याभरात कोंब वर येतात आणि सगळी वस्ती बांधावर उभी राहून तुमची चूक बघते.

बनुबाईची चूक अशी कुणी बघितली नव्हती. लग्न होऊन आली त्या वर्षी सासूनं तिच्या ओटीत ज्वारी ओतली आणि "धर मूठ" एवढंच म्हणाली. शिकवलं काहीच नाही. पोरगी मुळात हट्टी. दुपारी सगळे लवंडले की चुलीतली राख मुठीत घ्यायची आणि अंगणात राखेच्या ओळी ओढत हिंडायचं, असं तिनं आठवडाभर केलं होतं. सासूला वाटलं, सून अंगण खराब करतेय. पुढे ओळी उगवल्या तेव्हा सासू गप्प झाली, आणि सासूनं गप्प होणं म्हणजे त्या घरात शाबासकीच होती.

मग तिचा नवरा छगन बैल हाकायचा आणि बनुबाई मूठ धरायची. दसरा झाला की दोघं ऊसतोडीला जायची, पण टेकाडाच्या पट्टीवर ज्वारी पेरल्याशिवाय त्यांची गाडी हलायची नाही. मुकादम येऊन खोळंबला तरी बनुबाई त्याला चहा पाजायची आणि म्हणायची, "दादा, कोयता कुटं पळून चाललाय? वापसा मातर पळून जातो." वापसा म्हणजे पेरणीजोगी ओल, ती थोडे दिवसच टिकते. छगन गेला, ऊसतोड सुटली, खालच्या रानात ट्रॅक्टर आला. टेकाडाची पट्टी तेवढी उतरती आणि दगडगोट्याची, तिथं ट्रॅक्टर नीट वळत नाही. ती बैलांची राहिली, म्हणजेच बनुबाईची राहिली.

बाई तोंडाळ होती, हे लपवण्यात अर्थ नाही. चहा पातळ झाला तर करणाऱ्याचं माहेर निघायचं. पण तिच्या दारातून कुणी अर्धपोटी गेलं नाही. खाण्याच्या बाबतीत तिचे कायदे पक्के होते: पाहुण्याला नुसतं पाणी द्यायचं नाही, बाळंतिणीला गार द्यायचं नाही, आणि रिकाम्या पोटी कुणी गोळी घ्यायची नाही. साधी तापाची गोळी घ्यायची झाली तरी आधी भाकरी. गोळी भारी असेल तर ती गरम पडते, म्हणून वर वाटीभर दूध. या कायद्यानं तिनं घरातली सगळी दुखणी काढली होती, आणि कायदा चुकीचा असेल असं तिच्या मनातही कधी आलं नव्हतं.

तिच्या उजव्या हाताचं पहिल्यांदा सुनेच्या, सविताच्या लक्षात आलं. सासूबाई ओट्यावर निवांत बसल्या होत्या आणि त्यांचा अंगठा पहिल्या बोटावर आपला घोळत होता, घोळत होता.

"आत्याबाई, बी चोळताय का काय?"

"कुटलं बी?" म्हणून बनुबाईनं हाताकडं बघितलं. हातात काही नव्हतं. तिनं तो पदराखाली घेतला आणि सविताला म्हणाली, "तुजं दूध उतू चाललंय बघ."

दूध उतू गेलं नव्हतं. पण पुढे पाय ओढायला लागला, लुगड्याच्या निऱ्या घालायला वेळ लागायला लागला, तेव्हा मुलगा रामहरी तिला नगरला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेला. त्यांनी हात वाकवून बघितला, चालवून बघितलं आणि कंपवात असल्याचं सांगितलं. दिवसातून तीन वेळा घ्यायची गोळी दिली.

ती गोळी देवासारखी पावली. आठ-पंधरा दिवसांत हात मोकळा झाला. त्या वर्षी, पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्याही वर्षी बनुबाईनं टेकाडाची पट्टी पेरली आणि ओळी पहिल्यासारख्याच उगवल्या. बाजारात ज्याला-त्याला ती आपला हात उघडून, मिटून दाखवायची. कंपवात म्हणजे काय ते लोकांना माहीत नव्हतं, पण त्यावर जालीम गोळी असते आणि ती बनुबाईकडं आहे, हे सगळ्यांना माहीत झालं.

मग गोळी हळूहळू दगा द्यायला लागली. आधी सकाळची गोळी घेतली की दुपारच्या गोळीपर्यंत हात चालायचा. आता मधेच, भाकरी थापता थापता, बोटं आखडायची. दुपारची गोळी तर कित्येकदा लागूच व्हायची नाही. घेतली काय आणि न घेतली काय, सारखंच. बनुबाई ओट्यावर बसून वाट बघायची आणि अंगठा बोटावर घोळत राहायचा.

लोकांना सल्ल्याची काय वाण! एकानं सांगितलं, औषध डुप्लिकेट आहे. दुसऱ्यानं सांगितलं, कंपनी आधी चांगला माल देते, गिऱ्हाईक बांधलं गेलं की हलका देते. पण बनुबाईला पटलं ते तिचं स्वतःचंच. अंग सोकावलं होतं. रोज रोज तेच औषध मिळालं की अंगाला त्याची किंमत राहत नाही, जसं रोज ओरडणाऱ्या सासूला सून भीक घालत नाही. आता ही उपमा तिनं सविताच्या देखत दिली होती, आणि सविता तोंडाला पदर लावून आत गेली होती.

यावर उपाय दोन. एक, अंगात ताकद आणायची. म्हणजे गोळीबरोबरचं दूध वाटीवरून पेल्यावर गेलं, दुपारी मटकीच्या उसळीवर हुलग्याचं माडगं आलं, आणि सविता ते सगळं मन लावून करायची. दुसरा उपाय बनुबाईनं कुणाला सांगितला नाही. पेरणी महिन्यावर आली तशी ती दुपारची गोळी जिभेखाली धरायची आणि सविता वळली की काढून तुरीच्या डाळीच्या डब्यात टाकायची. अंगाला गोळीचा विसर पडू द्यायचा आणि पेरणीच्या दिवशी एकदम जोरात द्यायची, असा तिचा हिशेब होता. बैलाला आदल्या दिवशी विसावा देतात, तसंच हे.

गेल्या साली हस्ताचा पाऊस झाला, वापसा आला. बैल आणि पाभर चुलत दिराची, काकासाहेबांची. थट्टेखोर माणूस, पण पेरणीला उभा राहिला की जागचा हलायचा नाही. चाड्याला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. बनुबाईनं घरून निघताना दूध-भाकरी खाऊन दोन गोळ्या एकदम घेतल्या होत्या. बराच वेळ काही झालं नाही. हात लाकडासारखा. दोन ओळी तिनं नुसत्या दातओठ खाऊन काढल्या. मग एकाएकी गोळी चढली, आणि अशी चढली की खांदा, मान, कंबर सगळं अंग लवलवायला लागलं, वेलीला वारा लागावा तसं. मुठीतनं बी भसाभसा सुटलं. काकासाहेबांनी मागं वळून बघितलं आणि थट्टा करायचं सोडून बैल थांबवले.

"वहिनी, बसा जरा."

"हाका तुमी!" ती ओरडली. आणि ते पुन्हा हाकायला लागले, कारण तिला नाही म्हणायची वस्तीत कुणाची प्राज्ञा नव्हती. पुन्हा हात आखडला. शेवटच्या ओळींना तिला वाटत होतं बी पडतंय, पण बोटं मिटलेलीच होती.

आठवड्यानं पट्टी उगवली. सुरुवातीला विरळ, मग गवतासारखी दाटी, मग नुसती काळी माती. शेतात जिथं उगवण होत नाही त्या मोकळ्या जागेला नांगे म्हणतात. बनुबाईच्या पट्टीत पहिल्यांदाच नांगे पडले होते. तिनं बांधावर उभं राहून ते बघितले आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी काकासाहेब आणि सविता हातात बी घेऊन नांगे भरत होते. काकासाहेब एकही विनोद करत नव्हते, आणि बनुबाईला त्याचंच जास्त लागलं. ती त्या दिवशी जेवली नाही. असं त्या घरात क्वचित घडलं होतं.

रामहरी जेवताना सहज बोलल्यासारखा म्हणाला, "आये, फुडच्या साली टेकाडाचे दगड येचून घिऊ. ल्हान ट्रॅक्टर मिळतो आता. तुला बी आराम."

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण बनुबाईला ते नीट कळलं. टेकाडावर ट्रॅक्टर चढला की बैल जाणार, पाभर आढ्याला टांगली जाणार, आणि ती स्वतः ओट्यावर बसणार, अंगठा घोळवत. भाकरी थापणं गेलं होतं, दळणं-कांडणं तर कधीच गेलं होतं. एक मूठ होती तेवढी. ती गेली तर बनुबाई म्हणून काय उरणार होतं, हे तिला सांगता येत नव्हतं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी सविताला डाळीच्या डब्यात गोळ्या सापडल्या. डाळ निवडायला परातीत ओतली आणि तुरीत पांढऱ्या गोळ्या खडखडल्या. तिनं आरडाओरडा केला नाही. परात उचलली, सासूसमोर नेऊन ठेवली आणि म्हणाली, "आत्याबाई, हे शिजायचं न्हाई."

बनुबाईला हसूही आलं आणि रडूही. तिनं सगळं सांगून टाकलं.

पुढच्याच सोमवारी करंजीचा घाट उतरून दोघी नगरला गेल्या. रामहरीला टेम्पोचं भाडं होतं, त्यामुळे एस.टी.नं गेल्या. स्टँडवरून रिक्षा केली. सवितानं डाळीचा डबा, पेरणीच्या दिवशीच्या दोन गोळ्या, सोकावलेलं अंग, सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी या वेळी हात बघायच्या आधी प्रश्न विचारले.

"आजी, गोळी कधी घेता?"

"जेवल्यावर. रिकाम्या पोटी गोळी घ्यायला मी काय येडी हाय?"

"कशाबरोबर?"

"दुधाबरोबर. गरम पडती ना."

"आन दुपारी उसळ, माडगं आसतं," सविता अभिमानानं म्हणाली. "आमी खान्यापिन्याचं कायबी कमी पडू देत न्हाई, बाई."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तेच जरा जास्त झालंय," त्या म्हणाल्या. "आजी, तुमची गोळी हलकी झालेली नाही, आणि अंग सोकावलेलंही नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पोटातली. आतड्यातून रक्तात जायला तुमच्या गोळीला एक दार आहे, आणि ते अरुंद आहे. दूध, हुलगे, मटकी, अंडी यांच्यातलं सत्त्वही त्याच दारानं आत जातं. दोन्ही एकदम आले तर?"

"दांडगं असंल ते फुडं घुसतंय," बनुबाई म्हणाली. तिनं आयुष्यभर एस.टी.त जागा धरली होती.

"बरोबर. आणि गोळी दारातच ताटकळते. म्हणून तुमची दुपारची गोळी लागू होत नाही. तुम्ही जितकं ताकदीचं खाल तितकी ती मागं राहते."

सविताचा चेहरा उतरला. इतके दिवस पहाटे उठून हुलगे भाजले, दळले, शिजवले, ते सगळं गोळीच्या वाटेत दगड मांडल्यासारखं झालं होतं. डॉक्टरीणबाईंच्या ते लक्षात आलं असावं. त्या म्हणाल्या, "खाणं बंद करायचं नाही हं. ताकद लागतेच. फक्त वेळ बदलायची. गोळी आधी, नुसत्या पाण्याबरोबर. जेवण त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानं. मळमळलं तर कोरा भाकरीचा तुकडा. दूध आणि माडगं रात्रीच्या जेवणाला."

"आन दुसरी गोष्ट?" बनुबाईनं विचारलं.

"दुसरी डोक्यातली. आधी तुमच्या मेंदूत साठवण होती. गोळीतून जे मिळायचं ते मेंदू धरून ठेवायचा आणि लागेल तसं थोडं थोडं सोडायचा. त्यामुळे एक गोळी दुपारपर्यंत पुरायची. हा आजार हळूहळू वाढतो तशी ती साठवण कमी होत जाते. आता जेवढं येतं तेवढं लगेच संपतं. गोळी तेवढंच काम करते आजी, पण तिला धरून ठेवणारं कमी झालंय."

 बनुबाई आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी डोक्यात बी मूठ हुती. ती आता धरंना."

डॉक्टरीणबाईंना चाडं माहीत नव्हतं. सवितानं उठून, त्या एवढ्याशा खोलीत चालून, हाताची मूठ करून त्यांना ते दाखवलं. त्या मन लावून बघत होत्या. "हो," त्या म्हणाल्या. "असंच काहीसं. म्हणून आता एका वेळची गोळी लहान करू आणि वेळा वाढवू. सोबत एक दुसरी गोळी देते, तिनं ही थोडी जास्त टिकते. पण डाळीच्या डब्याचा प्रकार पुन्हा करायचा नाही. अशा गोळ्या एकदम सोडल्या तर माणूस कडक होऊन पडतो, जिवावर बेतू शकतं. आणि दोन एकदम घेतल्या की काय होतं ते तुम्ही बघितलंच."

"मूठ पैल्यासारखी हुईल का?"

"पहिल्यासारखी नाही होणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दिवसातला चांगला वेळ वाढेल. पुढे पुन्हा बदल करावे लागतील. तुम्ही येत राहा."

बनुबाईला वाईट वाटलं. पण बाईनं गोड बोलून फसवलं नाही, हे तिला आवडलं. परत येताना घाटात ती सविताला म्हणाली, "शिकल्याली हाय, पन खोटं बोलत न्हाई."

घरी आल्यावर खरी लढाई सुरू झाली. आयुष्यभराचा कायदा मोडणं म्हणजे काय गंमत आहे? नुसत्या पाण्याबरोबर गोळी गिळताना बनुबाई असं तोंड करायची की कुणी विष देतंय. मोबाईलचा गजर वाजला की म्हणायची, "वाजला बाई माजा भोंगा." शेजारणी यायच्या, विचारायच्या, "आन उपाशीपोटी का गं देती सासूला?" सविता एकदोनदा समजावून सांगायची. तिसऱ्यांदा बनुबाईच आतून ओरडायची, "माज्या दाराशी गर्दी नको म्हून देती!" शेजारीण गोंधळून घरी जायची.

हात मात्र हळूहळू ताळ्यावर आला. सकाळी चांगला, दुपारीही बरा. मधे मधे उतार यायचा, पण तो येताना कळायचा. आधी पायाची बोटं वळायची, मग अंगठा जड व्हायचा. बनुबाई ते ओळखायला शिकली.

सविता रोज सकाळी दारात रांगोळी काढायची. बनुबाई ओट्यावर पहिल्या गोळीची वाट बघत बसलेली असायची, त्यामुळे तिला ती बघावीच लागायची. पूर्वी म्हणायची, "पीठ सांडायला काय अक्कल लागती?" आता ती गप्प बसून सुनेच्या चिमटीकडं बघायची. रेघ कुठं जाड व्हायची नाही, कुठं तुटायची नाही. हे आपल्याला इतकी वर्षं कसं दिसलं नाही, असं तिला वाटायचं. पण तसं बोलून दाखवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

यंदा हस्त चांगला बरसला. रामहरीनं ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवलं होतं. बनुबाई त्याला म्हणाली, "खालचं रान त्याला दे. टेकाडाला एक साल मला दे. नांगे पडले तर फुडं मी तोंडातनं सबूद काढनार न्हाई." रामहरीनं आईकडं बघितलं. तिनं आजवर त्याच्याकडं काही मागितलं नव्हतं, नुसते हुकूम सोडले होते. तो म्हणाला, "बरं."

काकासाहेब बैल जुंपून उभे राहिले. चाड्याची पूजा झाली. बनुबाईनं शेतातच, लिंबाखाली बसून गोळी घेतली. घोटभर पाणी, एक कोरा तुकडा. आणि बसून राहिली.

"वहिनी," काकासाहेब म्हणाले, "बैलं तयार, मानूस तयार. आता काय पंचांग काडता?"

"व्हय. गोळीचा मुहूर्त हाय."

"आन तवर आमी काय करायचं?"

"तवर तंबाखू खावा आन गप बसा."

काकासाहेब परत थट्टा करायला लागले होते, याचा तिला मनातून आनंद झाला. उन्हं जरा वर आली. तिनं बोटं उघडली, मिटली. पुन्हा उघडली. मग उठून ओटीत ज्वारी घेतली आणि पाभरीमागं उभी राहिली. "हाका."

बी पडायला लागलं. चाड्यात तोच बारीक, सारखा आवाज. बैल बांधापाशी वळत होते, परत येत होते. बनुबाईला छगनची आठवण झाली. तो वळणावर बैलांना चुचकारायचा तसेच काकासाहेबही चुचकारत होते. ओळीमागून ओळ निघत होती आणि तिला इतकं बरं वाटत होतं की डोळे भरून आले. ते पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिनं तसेच वाहू दिले. सविता बी भरायला टोपली घेऊन शेजारून चालत होती. तिनं ते बघितलं आणि दुसरीकडं बघितल्यासारखं केलं.

अर्ध्याहून जास्त पट्टी झाली. एका ओळीच्या मधोमध, बोरीच्या झुडपासमोर, बनुबाईच्या पायाची बोटं वळली.

गेल्या सालची बनुबाई तशीच रेटून गेली असती. अजून थोडं, या ओळीपुरतं, बांधापर्यंत. तिला तो मोह झालाही. पण अंगठा अजून जड झाला नव्हता. आता सोडली तर मूठ चालती असताना सुटेल, मग सुटली तर नांगे ठेवून सुटेल.

"भावजी, सावकाश," ती म्हणाली. "सविता, टोपली ठिव. मूठ भर."

"मी?" सविता घाबरली. "आत्याबाई, मला कुटं येतंय? तुमीच म्हनता, मूठ शिकवून येत न्हाई."

"म्हनत हुते. रांगुळी काडती ना? मग चिमटीच्या जागी मूठ धर. ये."

बैल थांबले नाहीत, नुसते हळू झाले. सवितानं मूठ भरून चाड्यावर धरली आणि बनुबाईनं आपला हात तिच्या हातावर ठेवला. दोघी पाभरीमागून चालायला लागल्या. बनुबाईचा हात दाबत नव्हता, ओढत नव्हता. सुनेची बोटं आवळली की तिचा अंगठा हलकेच वर व्हायचा, सैल पडली की खाली. बोलण्यासारखं काही नव्हतंच. हे बनुबाईला तिच्या सासूनं कधी दिलं नव्हतं. सासूला देता आलं नसेल, असं बनुबाईला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं, आणि इतक्या वर्षांनी तिचा सासूवरचा राग गेला.

बांध आला. बैल वळले. बनुबाईनं हात काढून घेतला. तो आता जड झाला होता.

"फुडं तू," ती म्हणाली आणि लिंबाकडं चालायला लागली. पाय ओढत होता. तिनं मागं वळून बघितलं नाही. चाड्यातल्या बियांचा आवाज मात्र ती ऐकत होती, लिंबाखाली बसेपर्यंत आणि त्यानंतरही.

कोंब वर आले त्या दिवशी ती सकाळची गोळी घेऊन, हात सुटेपर्यंत थांबून, मग पट्टीवर गेली. सविता आणि काकासाहेब आधीच बांधावर उभे होते. पट्टी हिरव्या रेघांनी भरली होती. बनुबाई सरळ बोरीच्या झुडपापाशी गेली आणि खाली बसली. गेल्या सालचे नांगे तिच्या डोळ्यांपुढून अजून गेले नव्हते. तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. इकडून तिकडं, तिकडून इकडं. कोंब सारखे होते. ओळ कुठं दाटली नव्हती, कुठं तुटली नव्हती.

"हितं माजी मूठ सुटली हुती," ती म्हणाली.

काकासाहेब वाकून बघायला लागले. "कुटं? दिसत तर न्हाई."

बनुबाईला आनंद झाला. आणि त्या आनंदाच्या आत कुठंतरी खुपलंही, कारण आपला हात जिथं संपतो तिथं काहीतरी दिसावं असं माणसाला वाटतंच. सविता दोघांच्या मागं श्वास रोखून उभी होती.

तेवढ्यात तिसगावच्या बाजाराला निघालेला एक म्हातारा पाऊलवाटेवर थांबला. त्यानं पट्टीवरून नजर फिरवली आणि सवयीनं हाक दिली, "पेरलंय झ्याक! मूठ कोनाची? बनुबाईची का?"

बनुबाई उठायला लागली. सवितानं हात दिला, आणि तो हात धरूनच ती उभी राहिली.

"बोरीपस्तोर माजी," ती म्हाताऱ्याला ओरडून म्हणाली. "तितनं फुडं हिची."

म्हातारा हात कपाळाशी धरून बराच वेळ ती जागा शोधत राहिला. मग मान हलवत बाजाराच्या वाटेला लागला.